पाठीतून उघडणारी वाट

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वाढलेली बाई दवाखान्यात येते आणि तिचा जीव धोक्यात असतो तो बंद पडत चाललेल्या किडन्यांमुळे! किडन्या तर कितीतरी वर, पाठीशी. कॅन्सर तिथवर पोचलेलाही नसतो. मग हे घडतं कसं?

प्रत्येक किडनीतून एक मूत्रवाहिनी निघते. लांबी पंचवीस-तीस सेंटीमीटर, रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. मूत्राशयाकडे उतरताना ती गर्भपिशवीच्या तोंडापासून फक्त दोनेक सेंटीमीटरवरून जाते, तीही गर्भपिशवीच्या धमनीखालून, पुण्याच्या लकडी पुलाखालून मुठा नदी जावी तशी. कॅन्सर बाजूला पसरू लागला की ही नाजूक नळी त्याच्या तडाख्यात सापडते.

दाब हळूहळू वाढतो, म्हणून बरेचदा दुखतही नाही. एक बाजू तुंबली तरी दुसरी किडनी काम रेटते, लघवी होत राहते. आणि काम तरी केवढं! दोन्ही किडन्या मिळून रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, जवळजवळ सगळा रक्तात परत पाठवतात आणि लिटर-दीड लिटर लघवी उरते. दोन्ही वाटा बंद झाल्या की रक्तात क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ चढतो, पोटॅशियमही वाढतं आणि ते हृदय थांबवू शकतं.

वाट उघडायची कशी? एक रस्ता खालून. मूत्राशयातून दुर्बीण घालून डीजे स्टेंट नावाची बारीक नळी वर सरकवतात. तिचं एक वळलेलं टोक किडनीत आणि दुसरं मूत्राशयात अडकून बसतं, एकही टाका न घालता! पण कॅन्सरने खालचं दारच आवळलं असेल तर?

मग पाठीतून! कातडी बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई थेट किडनीत नेतात. हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. तिथे सुई घातली तर रक्ताचा लोट का उसळत नाही? कारण किडनीच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या धमन्या एकमेकींत मिसळत नाहीत आणि त्यांच्या सीमेवर मोठ्या वाहिन्या फारशा नसतात. १९०१ मध्ये ही सीमा दाखवून देणारे बाल्टिमोरचे मॅक्स ब्रोडेल डॉक्टर नव्हतेच. ते स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांच्यासाठी चित्रं काढणारे चित्रकार होते!

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या विलार्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी तुंबलेल्या किडनीत पाठीतून सुईने शिरण्याची पद्धत मांडली. आज सुईतून तार जाते, तारेवरून जेमतेम तीन मिलिमीटरची नळी जाते आणि बाहेर पिशवी जोडतात. हेच पीसीएन. तुंबलेली किडनी मोकळी होते. कधी लघवी इतकी वाहते की सलाईन लावून क्षार सांभाळावे लागतात. क्रिएटिनिन उतरू लागतं.

ही नळी कॅन्सर बरा करत नाही. ती ठरावीक काळाने बदलावी लागते, संसर्गाचा धोका असतो. कॅन्सरवर उपचारच उरले नसतील, तर नळी घालायची की नाही हे त्या बाईच्या इच्छेनेच ठरायला हवं. पण उपचार शक्य असतील तर हीच नळी त्यांचं दार उघडते. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि दुबळ्या किडनीला सोसत नाही. तुंबल्याने आलेली किडनीची सूज ज्यात मोडते, त्या ‘३ बी’ टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अभ्यास केला. नुसत्या किरणोपचारांनंतर पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ४६ जणी हयात होत्या. जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ५४!

या साऱ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असतो एचपीव्ही हा विषाणू. त्याच्याविरुद्धची पहिली भारतीय बनावटीची लस, सर्व्हावॅक, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची. तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणून मुलींना वेळेत लस द्या, तिशीनंतर तपासणी करून घ्या. आणि आजार झालाच असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: किडन्यांची सोनोग्राफी झाली का? क्रिएटिनिन किती आहे?