खडीवर प्लास्टिकचा लेप

पातळ कॅरीबॅग आणि वेफर्सची रिकामी पाकिटे भंगारवाला सहसा घेत नाही. अशा प्लास्टिकला डांबरी रस्त्यात जागा मिळू शकते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये नवी पेठेत, वैकुंठ स्मशानभूमीजवळच्या गल्लीत असा छोटा पट्टा करून पाहिला.

ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. प्लास्टिकचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे करतात. हॉट मिक्स प्लांटमध्ये साधारण १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या खडीवर ते टाकले की अर्ध्याएक मिनिटात वितळतात आणि दगडावर पातळ लेप बसतो. मग त्यात गरम डांबर मिसळतात. लेपामुळे डांबर खडीला घट्ट चिकटते आणि पाणी आत मुरत नाही. एरवी पावसाळ्यात पाणी मुरले की डांबर खडीपासून सुटते आणि खड्डा पडतो. प्लास्टिक डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के घालतात. तेवढे डांबरही वाचते. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला सुमारे टनभर प्लास्टिक जिरते.

पथ्येही आहेत. पीव्हीसी अजिबात चालत नाही. तापल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त घातक वायू निघतात. ओले, खरकटे प्लास्टिकही बाद. त्यामुळे घरातच कचरा वेगळा करणे आणि दारोदार तो गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांची निवड-टिपण, दोन्ही महत्त्वाची. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये अशा रस्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र रस्त्याला नीट उतार आणि पाण्याला वाट नसेल, तर प्लास्टिक घालूनही खड्डे टळत नाहीत.