मान मोडली, तरी गोलपोस्ट सोडला नाही

बर्ट ट्राउटमन (१९२३–२०१३). जन्म जर्मनीतल्या ब्रेमेनचा. हिटलरच्या सैन्यात छत्रीसैनिक, मग इंग्लंडमध्ये युद्धकैदी. गोलरक्षक झाला तो लँकेशायरच्या छावणीत. सुटकेनंतर मायदेशी गेलाच नाही. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा शहरात निषेध मोर्चे निघाले. त्याची बाजू घेतली ती तिथल्याच ज्यू धर्मगुरूंनी, अलेक्झांडर आल्टमन यांनी.

५ मे १९५६, वेम्ब्ली, एफए कपचा अंतिम सामना. सतरा मिनिटं उरली असताना बर्मिंगहॅम सिटीच्या पीटर मर्फीच्या पायाशी झेप घेताना त्याची मान मोडली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. तो तसाच उभा राहिला, पुढेही चेंडू अडवले; मँचेस्टर सिटी ३-१ ने जिंकली. मान मोडल्याचं एक्स-रेत कळलं ते चार दिवसांनी! या एका दुपारपुढे त्याचे सिटीसाठीचे ५४५ सामने झाकोळले, हा तसा अन्यायच.

१९६४ मध्ये सिटी सोडली. नंतर स्टॉकपोर्ट काउंटीत व्यवस्थापक, पुढे पश्चिम जर्मनीच्या मदत योजनेतून ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान इथे प्रशिक्षक. २००४ मध्ये ब्रिटनने ‘ओबीई’ दिला, तोही जर्मनीचा ‘आयर्न क्रॉस’ मिळवलेल्या माणसाला. अखेरची वर्षं त्याने स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाजवळ काढली.