किल्ली कुणाच्या हाती?

गेल्या सुटीत मी एका कचेरीत उमेदवारी केली. तेथील सारे दप्तर मायक्रोसॉफ्टच्या 'शेअरपॉइंट'वर होते. एका साइटच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी! वर दिलेली परवानगी वारसाहक्काने खाली उतरे. म्हणून एका उमेदवाराला, म्हणजे मलाच, सर्वांचे पगारपत्रक दिसले. साइटची एकुलती एक मालकीण नोकरी सोडून गेलेली. दुरुस्तीला आठवडा गेला.

तेव्हा उमगले ते असे : प्रत्येक कामाला स्वतंत्र साइट द्यावी व त्या साऱ्या २०१८ साली आलेल्या 'हब'ला जोडाव्यात. त्यामुळे शोध एकत्र होतो, परवानग्या मात्र ज्याच्या त्याच्याकडेच राहतात. मालक निदान दोन असावेत. पुसलेली साइट ९३ दिवसांत परत आणता येते. उघडे पडलेले पगारपत्रक पुन्हा झाकता येत नाही.