यात्रेचे आभाळ

येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. आमचे रेवड्या-बत्ताशांचे पाल या आमराईतच पडते. दुपारचे चार वाजले की वडील हातातले माप ठेवून पश्चिमेकडे पाहू लागतात. चारलाच का, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

चैत्रात बालाघाटाचे माळ सकाळपासून तापतात. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. हवा कोरडी असेल तर पुढे काही घडत नाही. परंतु बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून बाष्प आले आणि वरच्या थरात गारवा असला, म्हणजे ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात. हे वाढायला अर्धा दिवस लागतो, म्हणून वळीव तिसऱ्या प्रहरी येतो. ढगातील वर जाणारा झोत थेंबांना गोठणाऱ्या थरात उचलतो, त्यांवर बर्फाची पुटे चढतात, आणि झोताला भार पेलेनासा झाला की गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याची रब्बी कशी झोडपली, हे येथे कोणाला सांगायला नको.

९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला झाले ते १० ते १२ जानेवारी २०२० रोजी. कोरडा महिना निवडण्याची ही सोय देवीला नाही. तिथी चंद्रावर चालते आणि पाऊस सूर्यावर. चैत्र पौर्णिमा २०२३ साली ६ एप्रिलला होती, तर २०२४ साली २३ एप्रिलला. तुळजापूरच्या नवरात्राचेही तेच. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला आला. तोवर मोसमी पाऊस परतलेला असतो. २०२५ ची घटस्थापना मात्र २२ सप्टेंबरची, आणि नेमक्या त्याच सुमारास परंडा-भूम भागात पूर येऊन माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. २०२० च्या ऑक्टोबरात काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला कमी दाबाचा पट्टा एका दिवसात आपल्या सोयाबीनवर येऊन कोसळला, तेव्हा घटस्थापनेला तीनच दिवस उरले होते.

मंडपवाल्याला भीती वाऱ्याची. पण साचलेले पाणीही कमी नाही: कापडाच्या एका चौरस मीटर झोळात दहा सेंटिमीटर पाणी साचले की शंभर किलोंचे ओझे झाले. ताडपत्रीला उतार हवा तो यासाठी.

खरी धास्ती विजेची आहे. सर आली की सारी यात्रा आंब्याखाली शिरते, आणि तीच जागा सर्वांत वाईट! झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून जवळच्या माणसावर उडी घेते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. पालाचे लोखंडी खांब तर काहीच आडोसा देत नाहीत. शाळेची पक्की इमारत किंवा बंद दारांची एस. टी. बरी. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की निघावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

हवामान खात्याचा पिवळा-नारिंगी इशारा अख्ख्या जिल्ह्याला मिळतो. उमरग्यात गारा पडतात तेव्हा कळंबला ऊन असू शकते. तीन तासांचा तातडीचा अंदाज अधिक उपयोगी. पण लाखांची गर्दी हलवायला तीन तास पुरतात काय, याचा विचार यात्रेच्या बैठकीतच व्हायला हवा, आभाळ भरल्यावर नव्हे.

एका वर्षी मी मोबाईलवर असा इशारा वाचला, वीस सेकंदांत गडगडाट मोजला आणि वडिलांना पाल आवरायला लावले. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. पाऊस आला नाही. शेजारच्या दुकानदाराची विक्री रात्री दहापर्यंत चालली. भिजू नये म्हणून बांधलेली रेवडी आम्ही तशीच घरी आणली. वडील मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र त्यांनी आभाळाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.