न्हाणीघरांतील गळका नळ



रात्रीं मुलें झोंपलीं, रस्त्यावरची वर्दळ थांबली, कीं न्हाणीघरांतून एक आवाज येऊं लागतो. टप्... टप्... दिवसां तो कुणाच्या कानीं पडत नाहीं. आमच्या घरीं तो चार महिने येत होता आणि चार महिने आम्हीं सर्वांनीं तो ऐकून न ऐकल्यासारखें केलें. शेवटीं दखल घ्यावी लागली ती निराळ्याच कारणानें. नळाची दांडी अलीकडे फार जड झाली होती. एके सकाळीं सासूबाईंनीं ती किंचित् गरम बाजूला वळविण्यासाठीं जोर लावला. दांडी क्षणभर अडली आणि मग झटक्यासरशी पार टोकाला गेली. ब्याऐंशी वर्षांच्या खांद्यावर कढत पाणी! फोड आला नाहीं हें सुदैव. पण त्या दिवसापासून त्या शॉवरखालीं उभ्या राहीनात.

नळदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना बोलावलें. त्यांनीं दांडी दोनदां हलविली व सगळा नळच बदलावा लागेल, त्यासाठीं भिंतीच्या फरशा फोडाव्या लागतील, असा निर्णय दिला. दोष सर्वस्वीं त्यांचा म्हणतां येत नाहीं. अर्ध्या तासाच्या कामासाठीं तीन जिने चढून येणें कुणाला परवडतें? परंतु फरशा फुटण्यापूर्वीं आपण एकदां आंत डोकावून पाहावें, असें मला वाटलें. आणि जें दिसलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आपल्या वाडवडिलांच्या घरांतले नळ चक्रीचे असत. चक्री फिरवली कीं आंतला आटा खालीं उतरून वायसर पाण्याच्या तोंडावर दाबला जाई. ह्या प्रकारच्या नळाचें पेटंट इंग्लंडांत रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स ह्या पितळी ओतकामाच्या कारखान्यानें १८४५ सालीं घेतलें. असा नळ गळूं लागला कीं घरांतलेंच कुणी तरी चामड्याचा किंवा रबराचा नवा वायसर घालीत असे, व त्याचें कुणाला कौतुकही वाटत नसे. पुढें एकाच दांडीनें गरम आणि गार पाणी मिसळणारा नळ आला. त्याची कथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेंतील आल्फ्रेड मोएन हा विद्यार्थी १९३७ सालीं हात धूत असतां दोन चक्र्यांच्या जुन्या नळांतून एकदम कढत पाणी आलें व त्याचे हात पोळले. त्यावरून त्याला एका दांडीच्या नळाची कल्पना सुचली, आणि १९४७ सालीं असे नळ विक्रीस आले. पोळूं नये म्हणून जन्मलेल्या नळानें आमच्या सासूबाईंना पोळावें, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा; पण त्यांत दोष नळाच्या कल्पनेचा नसून आमच्या आळसाचा होता.

ह्या नळाच्या पोटांत एक लहानशी डबी असते. बाजारांत तिला कार्ट्रिज म्हणतात. आजच्या बहुतेक डब्यांत चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या, परंतु तिच्याहून पुष्कळच कठीण अशा दोन चकत्या एकमेकींवर बसविलेल्या असतात. खालची स्थिर असते. तिला तीन छिद्रें असतात : एक गरम पाण्याचें, एक गार पाण्याचें, आणि तिसरें मिसळलेलें पाणी बाहेर नेणारें. वरची चकती दांडीबरोबर हलते. दांडी उचलली कीं ती सरकते आणि छिद्रें उघडीं पडतात. दांडी वळवली कीं एक छिद्र अधिक व दुसरें कमी उघडें राहतें. दोन्ही चकत्यांचे पृष्ठभाग इतके सपाट घोटलेले असतात कीं त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळत नाहीं. ह्या चकत्या वाळूच्या कणाहूनही कठीण असल्यामुळें सहसा झिजत नाहींत. बिघडतात त्या दोन गोष्टी. डबीच्या बुडाशीं असलेलीं रबराचीं कडीं वर्षानुवर्षें गरम पाण्यांत राहून ताठ होतात, आणि तेथून पाणी झिरपूं लागतें; आणि बोअरिंगच्या जड पाण्यांतील क्षार सांध्यांत बसून दांडी जड करतात. आमच्याकडे दोन्ही झालें होतें.

परंतु प्रत्येक थेंब म्हणजे बिघाड नव्हे. शॉवर बंद केल्यावर त्याच्या चाळणींत व नळींत राहिलेलें पाणी कांहीं मिनिटें ठिबकतच असतें. अर्ध्या तासानंतरही ठिबक चालू असेल तरच नळावर संशय घ्यावा. मग गिझरला जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून पाहावें. थोड्या वेळानें ठिबक थांबली तर गळती गरम बाजूची आहे. आम्हीं खालीं पातेलें ठेवून मोजलें, तर तासाला तीनशें मिलिलिटर पाणी जमलें. दिवसाला सात लिटरांहून थोडें अधिक, वर्षाला सुमारें २,६०० लिटर! शहरांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी असावें असें सरकारी मान आहे. त्या हिशेबानें एका माणसाचें एकोणीस दिवसांचें पाणी आम्हीं मोरींत घालवीत होतों. शिवाय तें गरम! तेवढें पाणी तापविण्यास महिन्याला आठनऊ युनिट वीज लागते.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम गिझरचें बटण बंद करावें, आणि तें केवळ गिझरवरचें नव्हे, भिंतीवरचें. नंतर गार व गरम अशा दोन्ही बाजूंचे कॉक बंद करावे. ते सांपडत नसतील तर गच्चीवरील टाकीचा कॉक बंद करण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण टाकी बंद केली तरी गिझरांतील पाणी आंतच असतें, व तें तापलेलें असतें, हें विसरूं नये. म्हणून तें निवूं द्यावें. मग दांडी उघडून नळींतील दाब मोकळा करावा आणि मोरीच्या जाळीवर जुनें पंचें पसरावें. हें शेवटचें मी केलें नाहीं, आणि मुगाएवढा एक स्क्रू मोरींत गेला तो गेलाच.

दांडीवर तांबडी-निळी खूण असलेली टिकली असते. ती नखानें उचलली कीं खालीं षट्‌कोनी खांचेचा स्क्रू दिसतो; त्याला एलन-की लागते. दांडी निघाल्यावर वरचें चकाकणारें झांकण हातानें फिरवून काढावें. पाना लावणें भागच पडलें तर मध्यें फडकें धरावें, नाहीं तर मुलाम्यावर चरे उठतात. त्याच्या खालचा मोठा नट सोडला कीं डबी सरळ वर येते. नट क्षारांनीं जाम झाला असेल तर व्हिनेगारमध्यें भिजविलेलें फडकें तासभर गुंडाळून ठेवावें. हातोडीचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. भिंतींतली नळी हलली व आंतला सांधा सुटला, तर पाणी शेजाऱ्यांच्या छतांतून उतरतें. व्हिनेगारनेंही नट सुटेना, तर तेथेंच थांबून जाणत्याला बोलवावें.

डबी काढतांना तिच्या बुडाचे दोन लहान खुंट कोणत्या खांचांत बसले होते तें नीट पाहावें. फोनवर छायाचित्र घेतल्यास उत्तम. दुकानांत जुनी डबी बरोबर नेल्यावांचून जाऊं नये. पस्तीस व चाळीस मिलिमिटर हीं दोन मापें विशेष चालतात, व नजरेला तीं सारखींच भासतात. मी आठवणीवर विसंबून चाळीसची घेऊन आलें आणि भर दुपारीं पुन्हां गेलें.

नवी डबी बसविण्यापूर्वीं आंतली बैठक ओल्या फडक्यानें स्वच्छ पुसावी आणि जुनें एखादें रबरी कडें तेथें चिकटून राहिलें नाहीं ना, तें पाहावें. रबराला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावूं नये. नळांत वापरतात तें कांहीं जातींचें रबर त्यानें फुगतें. लावावयाचेंच तर सिलिकोनचें ग्रीज लावावें. खुंट खांचांत बसले कीं डबी डुगडुगत नाहीं. नट घट्ट करावा, पण अट्टहासानें नव्हे. अति आवळला तर दांडी पुन्हां जडच राहते. दांडी चढविण्यापूर्वीं कॉक हळूहळू उघडून नटाभोंवतीं पाणी येतें का तें पाहावें, मग बाकीचें बसवावें. गिझर मात्र पाणी पूर्ण भरून नळाला धार लागल्यावरच चालू करावा.

कार्ट्रिज कांहीं शें रुपयांत मिळालें. त्याबरोबरच गिझरचें उष्णतामानही आम्हीं साठ अंशांवरून पन्नासावर आणलें आहे, कारण साठ अंशांचें पाणी कांहीं सेकंदांतच कातडी भाजतें, आणि वृद्धांची व बालकांची तर त्याहूनही लवकर. दांडी आतां एका बोटानें फिरते. सासूबाईंनीं ती दोनतीनदां इकडेतिकडे फिरवून पाहिली, माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "बादली असूं दे हो तिथेंच, अजून आठवडाभर."