बावीस एकर, एक उतार आणि चार चाकं



गेल्या दोन वर्षांत निदान पाच-सहा जणांनी फोन करून मला एकच प्रश्न विचारला, "पोकोनोजच्या पलीकडे थोडी जमीन घेतोय, एटीव्ही कुठली घेऊ?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं. मी यातला तज्ज्ञ नव्हे. पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवार शेतकरी असल्याचं सोंग करतो. पण हा प्रश्न मी उलट्या बाजूने सोडवायला गेलो आणि ते जवळजवळ जिवावर बेतलं, तेवढाच काय तो माझा अधिकार.

आधी जमिनीबद्दल. पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीत, होन्सडेलच्या थोडं पुढे, २२ एकर. सहा एकर कुरण, बाकी जंगल. रस्त्यापासून घरापर्यंत १३०० फुटांचा खडीचा ड्राइव्हवे. घरामागे चांगला उतार, तळाशी ओढा. उताराच्या मध्यावर कुणा जुन्या शेतकऱ्याने रचलेला निळसर दगडांचा गडगा, अगदी आपल्या कोकणातल्यासारखा, चुना-सिमेंट न लावलेला. त्या गडग्यातून पलीकडे जायला एकच वाट आहे, तिची रुंदी ६१ इंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घेताना वाटलं होतं, काम ते काय, गवत तर कापायचं. प्रत्यक्षात गवत हे सगळ्यात सोपं निघालं. शेजारचा शेतकरी येऊन कापतो आणि गवत घेऊन जातो. (दहा एकरांच्या वर जमीन असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या 'क्लीन अँड ग्रीन' योजनेची चौकशी जरूर करा, प्रॉपर्टी टॅक्समध्ये फरक पडतो.) खरं काम बाकीचं. एमरल्ड ॲश बोरर नावाच्या किड्याने आमची ॲशची झाडं उभी वाळवली. ती वादळात पडतात, ती ओढून आणायची. हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ. आणि उन्हाळ्यात मल्टिफ्लोरा रोझ. ही आपल्या घाणेरीची अमेरिकन मावसबहीण समजा. १९३० च्या दशकात मातीची धूप थांबेल, जिवंत कुंपण होईल म्हणून सरकारनेच ही लावायचा सल्ला दिला, आता सरकारच म्हणतं उपटा. उपटून संपत नाही, म्हणून औषध फवारायचं.

तर एटीव्ही हवी. आपण सगळे जे करतो तेच मी केलं. एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात मॉडेल्स, आडव्यात सीसी, हॉर्सपॉवर, किंमत, विंच किती पौंडांची. तीन आठवडे हा खेळ चालला. नव्या ४००-५०० सीसी गाडीला साधारण सहा ते नऊ हजार डॉलर पडतात आणि त्यावर डीलर फ्रेट, सेटअप अशी दोन-तीन गोंडस नावं लावून आणखी काढतो, हे कळलं. एवढ्या अभ्यासात एक रकाना मात्र मी केलाच नव्हता, गाडी चालणार कुठल्या जमिनीवर आणि तिच्यावर बसणार कोण.

जून महिना होता. गाडी अजून ठरली नव्हती आणि रोझ तर फुलून आली होती, म्हणून शेजाऱ्याची एटीव्ही दिवसभरासाठी मागून आणली. मागच्या रॅकवर २५ गॅलनची फवारणीची टाकी पट्ट्यांनी बांधली. पाण्याचं वजन गॅलनला सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे भरलेली टाकी दोनशे पौंडांच्या वर. रॅकवर स्टिकर होता, मर्यादा १३३ पौंड. मी तो वाचला होता. वाचून "थोडंफार चालतं" म्हटलं. आपल्याकडे एसटी काय मर्यादेत भरते का?

सकाळभर माझे चिरंजीव, वय वर्षं तेरा, माझ्यामागे बसून फवारणीची नळी धरत होते. सीट एकाची. तसाही स्टिकर होता.

साडेबाराला त्याला आईने जेवायला हाक मारली, तो गेला. मी म्हटलं, टाकी अर्धी उरलीय, संपवूनच जातो. उतारावर आडवा चाललो होतो. डाव्या, म्हणजे वरच्या बाजूचं चाक एका लपलेल्या दगडावर चढलं. एरवी काही झालं नसतं. पण अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे तेव्हा कळलं. पाणी सगळं उजवीकडे धावलं आणि गाडी त्याच्यामागे गेली. मी वरच्या बाजूला पडलो, निव्वळ नशीब. गाडीने दोन कोलांट्या घेतल्या आणि ॲशच्या एका बुंध्याला अडकून थांबली. चाकं वर, इंजिन चालूच. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मग मागची सीट पाहिली. ती जिथे जमिनीत रुतली होती, तिथली माती मी किती वेळ बघत बसलो होतो ते आठवत नाही.

बायको काही बोलली नाही. दोन दिवस. शेजाऱ्याला दुरुस्तीचे पैसे दिले, त्याने हसून घेतले आणि म्हणाला की त्याच्या ओळखीत असे तीन आहेत, त्यातले दोनच सांगायला उरलेत.

त्यानंतर एक्सेल मिटवलं आणि या गाडीची जन्मकथा वाचायला घेतली. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी विकायला आणली, ती मुळात मजेसाठी होती. शेतकऱ्यांनी ती कामाला जुंपली. ऐंशीच्या दशकात तीनचाकींचे अपघात इतके झाले की १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी करार करून नवीन तीनचाकी विकणं थांबवलं, आणि २००८ च्या कायद्याने त्यांचा मार्ग पुरताच बंद केला. चारचाकी आली तरी मूळ रचना तीच राहिली, घोड्यासारखी मांड टाकून बसायचं आणि तोल स्वतःच्या अंगाने सांभाळायचा. लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसतेच. चढावर पुढे, उतारावर मागे, आडव्यात वरच्या बाजूला सरकायला ती जागा लागते. मागे कुणी बसलं की ही जागाच संपते. आणि गाडी उलटली तर सहा-सातशे पौंड अंगावर येतात, मध्ये काहीही नाही. ऑस्ट्रेलियात शेतावर यामुळे इतके लोक गेले की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक नव्या कामाच्या गाडीला मागे संरक्षक सांगाडा सक्तीचा झाला. होंडा आणि यामाहाने तो मान्य करण्यापेक्षा तिथे या गाड्या विकणंच सोडलं. अमेरिकेत तशी सक्ती नाही.

दुसरा पर्याय साइड-बाय-साइड, म्हणजे यूटीव्ही. स्टिअरिंग, शेजारी शेजारी सीटा, पट्टे, डोक्यावर पोलादी सांगाडा, मागे हौदा. कावासाकीची म्यूल १९८८ पासून शेतांवर आहे, जॉन डिअरची गेटर नव्वदच्या दशकातली. ही उलटतच नाही असं नाही. पण पट्टा लावलेला असेल तर तुम्ही सांगाड्याच्या आत राहता. पट्टा नसेल तर सांगाडाच अंगावर येतो, तेव्हा "इथल्या इथे तर जायचंय" हे वाक्य विसरायचं.

इथे आमचे नाना कथेत आले. वय ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कोयनेच्या परिसरात उमेदीची वर्षं खात्याच्या जीपमध्ये काढलेली. उन्हाळ्यात आमच्याकडे होते. मी लॅपटॉपवर गाड्या बघत होतो आणि स्क्रीनवर महिंद्राची रॉक्सर आली. नाना खुर्चीतून उठलेच.

"अरे, ही तर आपली जीप!"

आपलीच होती. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्राने विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली, त्याच वंशातली. २०१८ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये, भारतातून आलेल्या सुट्या भागांतून ती बनू लागली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ६२ हॉर्सपॉवर, पाच गिअर, पोलादी पत्रा. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त शेतावर. जीपचे मालक असलेल्या क्रायस्लरने आमच्या जीपसारखी दिसते म्हणून तक्रार केली, २०२० मध्ये त्या रूपातल्या गाडीवर बंदी आली, मग चेहरा बदलून ती पुन्हा विकायला आली. विलिसचा वारस कोण यावर दोन नातवंडांचं भांडण, दुसरं काय.

नानांचा आग्रह एवढा की मीही विरघळलो. वापरलेली एक दीड तासावर विकायला होती. मग टेप काढली. रॉक्सरची रुंदी ६२ इंचांच्या आसपास, गडग्यातली वाट ६१.

"दोन दगड काढ की," नाना म्हणाले. मग स्वतःच गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. हात फिरवला. "नको, राहू दे. बिनचुन्याचा आहे, दोन काढशील तर दहा येतील."

शेवटी मधल्या मापाची, ५८ इंच रुंद, पोलॅरिस रेंजर ५७० वापरलेली घेतली. ५० इंच रुंदीच्याही मिळतात आणि झाडांमधून छान जातात, पण अरुंद गाडी उतारावर लवकर कलते, आणि माझा उतार मी जवळून पाहिला होता. सपाट जमीन, एकटा माणूस, झाडीतून वाट काढायची असेल तर मीसुद्धा साधी एटीव्हीच घेतली असती. ती हलकी, स्वस्त, शिवाय चिखलात रुतली तर दोघं मिळून काढता येते. लोडर हवा असेल, मोठं कुरण स्वतः कापायचं असेल, तर या दोन्हींच्या नादी न लागता छोटा ट्रॅक्टर बघा.

अनुभवाच्या काही गोष्टी. बर्फ ढकलताना आणि ओंडके ओढताना लो गिअर लावा, नाहीतर सीव्हीटीचा पट्टा जळतो. पहिल्या बर्फालाच कडा दूरवर ढकला, कारण ही फाळ बर्फ उचलत नाही, नुसता सारते, आणि फेब्रुवारीपर्यंत ड्राइव्हवेची बोळ होते. टायरांत हवा फार कमी असते, गाडीचा नेहमीचा गेज तिथे कुचकामी, कमी दाबाचा वेगळा घ्या. डांबरी रस्त्यावर नेऊ नका, हे टायर तिथे पकडतात भलतीकडेच. फवारणीची टाकी रॅकवर नको, मागे ओढायच्या छोट्या ट्रेलरवर घ्या. इन्शुरन्स एजंटला स्पष्ट विचारा की पाहुण्याने चालवली तर काय. माझ्या एजंटच्या उत्तरानंतर पाहुण्यांना चालवायला देणं बंद झालं. पेनसिल्व्हेनियात फक्त स्वतःच्या जमिनीवर चालवायची असली तरी नोंदणीचं बघावं लागतं. आणि एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा कोर्स करा. मी केला, वर्गात सगळ्यात म्हातारा मीच.

नाना परत जाण्याआधी त्यांना शेजारी बसवून ओढ्यापर्यंत नेलं. गडग्याच्या वाटेत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच. त्यांनी पट्टा न सांगता लावला, आणि उतारावर आडवा वळायला लागलो तसं दांडीवर बोटं आपटून म्हणाले, "नाक सरळ ठेव. आडवा कशाला जातोस?" चाळीस वर्षं घाटात काढलेल्या माणसाला कोर्सची गरज नव्हती.

चिरंजीवांना अजून चालवायला देत नाही. मोठ्यांच्या गाडीला सोळा वर्षं पूर्ण लागतात, तसा स्टिकरच आहे, आणि स्टिकर मी आता वाचतो. येत्या ऑक्टोबरात तो चौदाचा होईल. किल्ली कुठे टांगतो ते त्याला माहीत झालं होतं, म्हणून आता ती टांगत नाही.