रबरावरचं नाव

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. त्यामुळे नागपूरला अपडाऊन करणाऱ्या इथल्या पोरापोरींचं निम्मं शिक्षण गाडीत होतं आणि उरलेलं वरठीहून गावात येणाऱ्या ऑटोत. माझी भाची त्यातलीच. मागच्या हिवाळ्यात एकदा आम्ही सोबत येत होतो. कन्हानचा पूल गेला तसं तिनं पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं. कव्हरवर कुठल्याशा निविदा सूचनेचा अर्धा तुकडा आणि एका झाडीपट्टी नाटकाची जाहिरात. कॉलेजातली पोरगी इतक्या निगुतीनं कव्हर घालते म्हणजे आत अभ्यासाचं काही नसणार, हे ओळखायला मावशी असणं पुरतं. मी पुस्तक मागून घेतलं, उघडलं, तर पहिल्याच पानावर तंबी छापलेली: तुम्ही चुकीच्या टोकाला आहात.

"उलटीकडून सुरू केलं ना तू," ती हसली.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, एवढं मला माहीत होतं. पण ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे हातांना माहीत नव्हतं. जिथे आपलं पुस्तक संपतं तिथे हिची सुरुवात. पानावरची चौकटही उजव्या वरच्या कोपऱ्यातून धरायची, चौकटीतले बोलण्याचे फुगेसुद्धा उजवीकडचे आधी. इंग्रजी अनुवादातही चित्रांची ही मांडणी तशीच ठेवतात. पहिली दहा पानं मी सवयीनं डावीकडून वाचली, त्यामुळे पात्रं उत्तर आधी देत होती आणि प्रश्न मागून विचारत होती. थारसा येईपर्यंत डोळे वळले.

गोष्ट दोन पोरांची. वातारु हिनेकुरे यांनी लिहिलेली, आरुको यांनी काढलेली. 'बेस्सात्सु मार्गारेट' या मुलींच्या मासिकात ती २०१९ ते २०२२ या काळात क्रमशः आली आणि तिचे नऊ खंड झाले. आओकी हा शाळकरी पोरगा शेजारच्या बाकावरच्या हाशिमोतोवर मनातून लट्टू आहे. एक दिवस तो तिचं रबर मागून घेतो, तर त्यावर बदामासकट नाव लिहिलेलं: इदा. म्हणजे पुढच्या बाकावर बसणारा व्हॉलीबॉलवाला इदा. आओकीचा जीव तिथेच बसतो. तेवढ्यात ते रबर खुद्द इदाच्या नजरेस पडतं आणि त्याची समजूत होते की ते आओकीचं आहे. आता खरं सांगावं तर बिचाऱ्या हाशिमोतोचं गुपित फुटतं. आओकी गप्प राहतो, आळ स्वतःवर घेतो. इथपर्यंत हा नेहमीचा घोटाळा झाला; आपल्या नाटकांत असे घोटाळे तीन अंक पुरतात. पण पुढे इदा जे करतो त्यानं मी कव्हर नीट दुमडून सरळ बसले. तो हसत नाही, चिडत नाही, चार जणांत सांगत नाही. तो मनावर घेतो. एका पोराला आपण आवडतो म्हणजे नेमकं काय, याचा गणित सोडवावं तसा तो विचार करू लागतो. आणि त्याचं ते विचार करणं बघता बघता आओकीची पंचाईत होते, कारण खोटं म्हणून सुरू झालेलं प्रकरण त्याच्याच छातीत धडधडू लागतं.

जपानी शाळांत एक जुना तोडगा आहे. आवडत्या माणसाचं नाव नव्या रबरावर लिहायचं आणि कुणाला दिसू न देता ते रबर झिजवून संपवायचं. संपलं की प्रेम जमलं. आपण फ्लेम्स काढायचो, कर्कटकानं बाकावर अक्षरं कोरायचो, त्याच जातीचं हे. जपानीत रबराला 'केशिगोमु' म्हणतात: 'केशि' म्हणजे खोडणं आणि 'गोमु' हा डचांकडून आलेला रबर. म्हणजे अक्षरशः आपला खोडरबर. दोन भाषांनी दोन टोकांना बसून एकच शब्द एकाच पद्धतीनं जोडावा, याची मला फार मौज वाटली. या कथेच्या जपानी नावातलं क्रियापदही त्याच खोडण्याच्या चित्रलिपीतून निघतं. मराठीत ते नाव 'पुसलं गेलेलं पहिलं प्रेम' असं काहीसं होईल. इंग्रजीत ही श्लेषाची गंमत हरवली. मराठीत ती राखता आली असती.

पोरापोरांच्या प्रेमकथांच्या या प्रकाराला जपानात 'बॉइज लव्ह' म्हणतात, लिहिताना नुसतं बीएल. तो जन्मला तेव्हा मात्र असा हसरा नव्हता. १९७०च्या सुमारास तोक्योतल्या ओइझुमी भागात मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या दोन तरुण चित्रकार एका भाड्याच्या घरात राहत होत्या. मुलींच्या मासिकांत तेव्हा ठरावीक साच्याच्या प्रेमकथा चालायच्या. या दोघींनी युरोपातल्या मुलांच्या वसतिगृहशाळा निवडल्या आणि तिथल्या पोरांमधल्या प्रेमाच्या गोष्टी मांडल्या. हागिओंची 'थॉमसचं हृदय' १९७४ची, ताकेमियांची 'वारा आणि झाडांचं गाणं' १९७६ची. दोन्हींत मृत्यू आहे, अपराधभाव आहे, रडण्याचा मोठा साठा आहे. मुलीच्या तोंडी जे घालता येत नव्हतं ते या लेखिकांनी मुलांच्या तोंडी घातलं, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण दिलं जातं, आणि मला ते पटतं.

नंतर हौशी मंडळींनी स्वतःच छापलेल्या अंकांतून हा प्रकार वाढला. त्या मंडळींनी आपल्याच लेखनाला 'याओइ' असं नाव दिलं. त्याची फोड अशी: चढ नाही, शेवट नाही, अर्थ नाही. वाचणाऱ्या पोरी स्वतःला 'फुजोशी' म्हणवतात. बाईमाणूस या अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर बदलून केलेली 'कुजकी पोरगी'. लोकांनी नावं ठेवायच्या आत आपणच ठेवून घ्यायची, ही युक्ती गावच्या टवाळ पोरींनाही ठाऊक असते.

सगळंच गोडगोड नव्हतं. पुष्कळ वर्षं या गोष्टींत दोघांपैकी एक पुढाकार घेणारा आणि दुसरा लाजणारा असा शिक्का ठरलेला असे. म्हणजे पुरुष दोन असले तरी संसार नवराबायकोचाच. जबरदस्ती प्रेम म्हणून खपवलेली कथानकंही होती. १९९२ मध्ये एका समलिंगी पुरुषानं जाहीर लिहून जाब विचारला, की आमच्या जगण्याचा तुम्ही करमणुकीसाठी खेळ का मांडता? त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. तो प्रश्न रास्त होता, आजही आहे. आओकी-इदाच्या गोष्टीत कोण नवरा आणि कोण बायको हे सांगता येत नाही; दोघंही सारखेच बावळट आहेत. हे त्या वादानंतरचं पीक.

म्हणजे वसतिगृहातल्या रडण्यापासून रबरावरच्या हसण्यापर्यंत यायला जपानला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. मी बोटांवर मराठीचा हिशेब मांडला. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१चं. त्यातली सुमित्रा दुसऱ्या मुलीवर जीव लावते आणि शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ची; पुण्यातल्या एकाच घरातले भाऊ-बहीण एकाच पाहुण्या तरुणाच्या प्रेमात पडतात आणि दोघांच्या वाट्याला त्याचं निघून जाणं येतं. मग २०२५ मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेतीत राहिलेला त्याचा जुना दोस्त बाळ्या. या चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तो काही विनोदी नाही, सुतकात कोण हसणार! पण त्यात कुणी जीव देत नाही, कुणी कुणाला झोडपत नाही. दोघं झाडाखाली बसतात, काटे काढलेलं बोंड एकानं दुसऱ्याला द्यावं इतकीच त्यातली चैन. मला ते पुष्कळ वाटलं.

आता आमच्या झाडीपट्टीचं सांगते. भाऊबीज झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं नाहीतर नाटक, ते उजाडेपर्यंत. दंडारीत आणि खडी गंमतीत बाईचं सोंग पुरुषानं घ्यायचं हे पूर्वापार. लुगडं नेसलेल्या पोऱ्याच्या नादी लागणारा गडी बघून आमची आजी, आई आणि मी, तिन्ही पिढ्या पोट धरून हसलो आहोत. मग या पुस्तकात नवं काय? नवं एवढंच की इथे कुणी लुगडं नेसलेलं नाही. दोन पोरं पोरंच राहतात आणि हसू त्यांच्या प्रेमाचं येत नाही, त्यांच्या फजितीचं येतं. पहिल्यांदा प्रेमात पडलेला कुठलाही माणूस जितका हास्यास्पद दिसतो तितकेच ते दिसतात. दंडारीतल्या हसण्यात आपण बाहेर बसलेलो असतो. इथे मला माझी अकरावी आठवली.

पण हीच गोष्ट भंडाऱ्यात घडवायची म्हटली तर अडचण येते. मांगात हाताला हात लागला की चित्रकार त्यावर आख्खं पान खर्च करतो, कारण जपानी माणसं एकमेकांना फारसा स्पर्श करत नाहीत. आमच्याकडे? खांब तलावाच्या पाळीवर संध्याकाळी जाऊन बघा. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्याची करंगळी तिसऱ्याच्या करंगळीत, आणि तिघं मिळून एका गाडीवर. कुणाला काही वाटत नाही. उद्या कुणा आमच्या आओकीला कुणी आमचा इदा आवडला, तर खांद्यावर हात ठेवणं ही घटनाच होणार नाही. घटना होईल ती हात काढून घेण्याची. रोज गळ्यात पडणारा दोस्त एक दिवस हातभर अंतर ठेवून चालू लागेल आणि दुसरा विचारेल, "काऊन बे, का झालं?" आमच्या चित्रकारानं आख्खं पान तिथे खर्चावं.

भाचीशी मी हे बोलले तेव्हा तिनं दुसरा मुद्दा काढला, भाषेचा. मांगात आडनावावरून पहिल्या नावावर येणं ही मोठी पायरी असते. ते तर आमच्याकडे जसंच्या तसं चालेल. वर्गातली पोरं एकमेकांना आडनावानंच हाका मारतात, पहिलं नाव फक्त घरचे आणि हजेरीवाले सर घेतात. आणि खुद्द कबुलीचा शब्द? जपानीत 'सुकी'. तो भजी आवडण्यालाही चालतो आणि माणूस आवडण्यालाही. इंग्रजी अनुवादकाला इथे दोन शब्दांतला एक निवडावा लागतो आणि निवडला की संदिग्धता मेली. मराठीला ही अडचण नाही. 'आवडणे' तेच काम करतं. वरण-भात आवडतो, तळ्याकाठची थंडी आवडते, तूही आवडतोस; ऐकणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर अर्थ लावावा. वर 'आवडतोस' आणि 'आवडतेस' मधला फरक इतका बारीक की घाईत बोललेलं ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानावर शंका यावी. एवढं सगळं हाताशी असून आमच्या पोरांना मनातलं सांगायचं झालं की ती एकदम हिंदी सिनेमात शिरतात.

आवाजांचंही तसंच. मांगाच्या चित्रांत आवाज अक्षरांनी काढलेले असतात. छातीतली धडधड 'दोकी दोकी', जोराचा पाऊस 'झा झा', आणि कहर म्हणजे शांततेलाही 'शीऽन' असा आवाज. इंग्रजीत यांची फार ओढाताण होते. मराठीत धडधड, धोधो, रिमझिम, चिडीचूप, लख्ख असा कोठारभर माल पडून आहे. भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीवर पडणारा पाऊस लिहायला आम्हाला जपानकडून काही उसनं घ्यावं लागणार नाही.

कायद्याचं दोन ओळींत. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७च्या बेडीतून प्रौढांचे संमतीचे संबंध सोडवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मान्यता देण्याचं काम न्यायालयानं संसदेवर सोडलं. जपानातही २०२१ पासून एकामागून एक न्यायालयांत लग्नाचाच प्रश्न गाजतो आहे. पुस्तकं तिथे ढिगानं निघतात म्हणून जगणं सोपं झालं असं कुणी समजू नये. कव्हर तिथेही घालतात. पुस्तक घेतलं की दुकानदारच गल्ल्यावर विचारून कागदाचं कव्हर चढवून देतो, गाडीत शेजारच्याला नाव दिसू नये म्हणून. कुठल्याही पुस्तकाला, स्वयंपाकाच्यासुद्धा.

भाचीच्या बोलण्यात दुसऱ्या एका मांगाचंही नाव निघालं, शौ हारुसोनो यांच्या 'सासाकी आणि मियानो'चं. त्यातला मियानो स्वतःच अशा पोरापोरांच्या प्रेमकथा चोरून वाचणारा. वरच्या वर्गातला सासाकी त्याच्याकडून एक पुस्तक मागून नेतो, परत आणून देतो, दुसरं मागतो. बस, देणंघेणं वाढत जातं आणि प्रेम त्या देण्याघेण्यातच कुठेतरी होतं. गावच्या वाचनालयात ज्यांनी असं पुस्तकांच्या निमित्तानं वर्ष काढलं असेल त्यांना हे वेगळं समजवायला नको.

रबराचा पहिला खंड मी चार दिवसांत संपवला आणि मग भाचीला फोन लावला. म्हटलं, दुसरा घेऊन ये.

"तो नाही ना मिळत आता, मावशी."

"काऊन?"

पुस्तकं तिच्या मैत्रिणीची, मैत्रीण तुमसरची. तिचा मोठा भाऊ राइस मिलमध्ये हिशेब बघतो. त्यानं एकदा सहज चाळायला म्हणून दुसरा खंड उचलला. त्याला दीड महिना झाला. बहिणीनं तीनदा मागितला, तीनदा त्यानं उद्या देतो म्हटलं.

"वाचून झाला नसेल त्याचा," मी म्हटलं.

"झाला ना," भाची म्हणाली. "तिसरा कुठं आहे म्हणून विचारत होता."